दुसरा रिमोट

सानगडी
१२ नोव्हेंबर २०२५

चि. चंद्रकुमार,

तुझ्या आजीचा, म्हणजे रुखमिणीचा, आशीर्वाद. एकाच हाताने देते आहे. दुसऱ्या हातात मोबाइल आहे आणि त्यात डाव अर्ध्यावर आहे.

पत्र पाहून घाबरू नको, कुणी मेलेलं नाही. अक्षर शेजारच्या ललिताबाईचं आहे. अंगणवाडीत तिने तीस वर्षं गावाच्या लेकरांना अक्षरं शिकवली, पण भिंतीला भिंत लागून असलेल्या मला एकही शिकवलं नाही. ती म्हणते, काकी, तुम्हीच कधी बसल्या नाहीत. खरं आहे. मी तिच्याकडे बसते ती चहा होईपर्यंत. मी बोलते तसं ती लिहीत नाही, 'मले'चं 'मला' करते. मी म्हटलं, कर बाई, पोट्टा पुण्यात राहतो, त्याला तसंच गोड लागत असेल.

फोन का नाही केला, असं विचारशील. आपल्या घरचा फोन बोंबलून बोलतो. तू हॅलो म्हटलं की ते कोठ्यातल्या बैलालाही ऐकू जातं. आणि तू तरी फोनवर काय बोलतो, 'हो आजी, हो आजी, ठेवतो आजी.' ललिताबाई म्हणाली, आवाज भरून पाठवा. तेही करून पाहिलं. मग ऐकलं, तर मी त्यात सारखी हसून राहिलेली. हसत सांगितलेलं तू खरं मानणार नाहीस. म्हणून कागद.

आधी गेमचं सांगते. तुझ्या धाकट्या बहिणीने, हर्षाने, दिवाळीत तिचा जुना मोबाइल मला दिला आणि त्यात एक शेतीचा गेम टाकला. म्हणे, आजी, तुझ्या आवडीचं आहे. कसलं आवडीचं! धान पेरलं की तिथल्या तिथं वाढतं. रोपांचे परे टाकायचे नाहीत, चिखल नाही, रोवणा नाही, कंबरेला हात लावून उभं राहणं नाही. बोट लावलं की कापून होतं, आणि एक कोंबडी येऊन 'शाब्बास' म्हणते. मी जन्मभर धान लावलं, मला एकाही कोंबडीने शाब्बास म्हटलं नाही.

तुझा तो जुना टीव्हीचा गेम असा लाडावत नव्हता. तीन जीव द्यायचा. ते गेले की टूं टूं करून काळा. पुन्हा पहिल्यापासून. कॅसेटवर किती गेम लिहिले होते ते तू मला वाचून दाखवलं होतं, नऊवर नऊ, नऊवर नऊ, तुझा श्वास संपला होता. निघाले आठच. तेच आठ नाव बदलून पुन्हा पुन्हा यायचे. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकायची, पुन्हा लावायची. त्यातही लोडशेडिंग. गेममधले रणगाडे अगदी भिंतीपाशी आले की लाइट जायची, आणि तू वीज कंपनीला अशा शिव्या द्यायचा की त्या तू कुठे शिकला हे मला विचारावंसं वाटायचं. विचारलं नाही, कारण त्या माझ्याच होत्या.

आता जीव संपले की मोबाइल म्हणतो, जाहिरात पाहा आणि जीव घ्या. साबणाच्या जाहिराती पाहून पाहून मी इतके जीव जमवले आहेत की यमाला दारातून परत पाठवीन.

तुझं पोट याच्यावर आहे, म्हणून हे सगळं सांगितलं. दिवसभर गेम खेळायचा, त्यातल्या चुका शोधायच्या आणि कंपनीला लिहून द्यायच्या, हीच तुझी नोकरी ना? गावात मी सांगते, नातू कम्प्युटर कंपनीत आहे. पुढचं सांगत नाही. लाज वाटते म्हणून नाही. बरं, वाटते.

आता खरी गोष्ट. तुझ्या आईने, पुष्पाने, चुलीपाशी हळूच सांगितलं की फेब्रुवारीत पुण्याला कोर्टात तुझं लग्न आहे. मुलगी राखी, तुमसरकडची, तुझ्याच ऑफिसातली. आईने यावं, आजीने यावं, हर्षाने यावं. बाबांना आणू नका. आपल्या घरात हळूच सांगितलेलं सगळ्यात आधी तुझ्या बापालाच ऐकू जातं. जेवत होता. म्हणाला, "खोटारड्याच्या लग्नाले मी कायले जाऊ?" ताट सरकवलं आणि बांधावर जाऊन उभा राहिला. धान कापून झालेलं. बांधावर बघायला काही नव्हतं.

चौदा वर्षं झाली. तू दहावीत. उद्या गणिताचा पेपर आणि तुझा बाप धनीराम शेतातली लाखोरी उपटून घरी आला, त्याला वाटलं तू टीव्हीवर गेम खेळत होता. तू म्हणाला, नाही खेळलो. त्याने मारलं, गेमचा डबा नेऊन तलावात फेकला. पेपर संपले त्या दिवशी तू वरठीला मामाकडे गेला तो गेला. दिवाळीला येतो, ओसरीवर चहा पितो, रात्र काढत नाही. बापाशी बोलत नाही.

तो तापट, तू हट्टी. तुम्हा दोघांच्या मध्ये मी काय करणार होते? बाजूला तांदूळ निवडत बसले होते. तू खेळायचा, मी बघायची, एवढाच माझा त्या गेमशी संबंध. तेव्हा तूच मोठा हो आणि बापाला बोलाव.

एवढंच लिही म्हटलं. ललिताबाई म्हणते, काकी, एवढ्यासाठी एवढं मोठं पत्र? मी म्हटलं, तू लिही.

तुझी आजी


सानगडी
२८ नोव्हेंबर २०२५

चि. चंद्रकुमार,

तुझं उत्तर आलं नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही दिलं नसतं.

परवा गावची मंडई झाली. दुकानं, पाळणे, रात्रभर नाटक, आणि घरोघरी पाहुणे. पाहुण्यांनी आपली ओसरीही भरली. सगळ्यांचे नातू आले. एक नातू तर झोपेतच आला, बापाच्या खांद्यावर. कुंताबाई आली आणि तिने चारचौघांत विचारलं, "काहो रुखमाबाई, तुमचा पोट्टा मंडईले बी नाई येत आता?" मी म्हटलं, "सुट्टी नाई ना भेटत." धनीराम पाहुण्यांना पान देत होता. तो म्हणाला, "सुट्टीचं नाव नका सांगू. खोटं बोलाची सवय लागली त्याले, खऱ्याच्या घरात कसा राहीन?"

खऱ्याचं घर. मी तिथंच बसले होते, सुपारी कातरत. बोट कापलं. ललिताबाईला दाखवलं, ती म्हणाली, लहानसं आहे. लहानसंच आहे.

ऐक आता. पहिल्या पत्रात मी खोटं लिहवलं. मी बघत बसायची, हे खोटं.

तुझे आजोबा, सोमाजी, गेले त्या पावसाळ्यात मी बोलणं सोडलं होतं. सगळे समजूत घालून थकले. तू शाळेतून आला, दप्तर फेकलं आणि माझ्या हातात दुसरा रिमोट दिला. म्हणाला, "आजी, मले दुसरा गडी पाहिजे. हर्षाले नाई जमत." मला कळेना की कुठला रणगाडा माझा. तू म्हणाला, पिवळा माझा, हिरवा तुझा. पहिल्या दिवशी मी तुलाच गोळ्या मारल्या. तू इतका हसला, आणि मग मीही. आजोबांनंतर घरात मी पहिल्यांदा हसले ते तुला मारून.

मग रोजच. बापाची बैलबंडी शेतात गेली की आपण. मी तुला सांगितलं होतं, चंद्या, कुणाला सांगू नको. आजोबांचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं. याच कुंताबाईला मी तिच्या नवऱ्याच्या सुतकात टीव्ही लावला म्हणून विहिरीवर बायकांसमोर काय काय बोलले होते. तुला शब्द द्यायला लावला. तू दिला.

परीक्षा आली तसा बापाने तुला दम दिला, पेपर संपेपर्यंत टीव्हीला हात लावायचा नाही. तू लावला नाही. मला कुणी दम दिला नव्हता.

त्या दुपारी तू घरामागच्या सपरीत गणितं सोडवत होता. पुष्पा हर्षाला घेऊन धुणं धुवायला तलावावर गेली होती. मी म्हटलं, एक डाव. पाचव्या पातळीपर्यंत कधी एकटी गेले नव्हते, त्या दिवशी गेले. बंडीचा आवाज आला तसं बटन दाबलं, रिमोट टीव्हीच्या मागे सरकवला आणि सूप मांडीवर घेतलं. सुपात तांदूळही नव्हते. ते नंतर टाकले.

धनीराम आत आला आणि त्याने नेहमीसारखा टीव्हीच्या पाठीवर तळहात ठेवला. ते जुने डब्याचे टीव्ही, अर्धा तास चालले की पोळीच्या तव्यासारखे तापायचे. आता हे भिंतीवरचे चपटे आले, त्यांच्या पाठीवर चोरी राहत नाही. त्याने हात तसाच ठेवून हाक मारली, "चंद्रकुमार!"

माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. साठीची म्हातारी, कुंकू पुसलेली, मांडीवर सूप. मी खेळले असेन हे त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. मी त्या जागी तोंड उघडून 'मी' एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? तो हसला असता. चार दिवस गाव हसलं असतं. कुंताबाई दहा दिवस. बस. त्याला भिऊन मी गप्प बसले आणि तुला मार खाऊ दिला.

इथे ललिताबाईने पेन खाली ठेवलं. "काकी, धनीरामभाऊले माहीत आहे हे?"

"नाई."

"अन् चंदूले?"

"त्याले कसं माहीत असन. तो मांगं होता."

"मंग पहिले भाऊले सांगा ना."

मी म्हटलं, आधी हे लिही. एकदम दोन डोंगर चढायचं माझं वय नाही.

तुला वाटलं असेल की बापाला भास झाला. भास नव्हता. टीव्ही गरम होता. तो तुला खोटारडा म्हणतो, ते त्याने हाताने तपासून म्हटलेलं आहे. त्याचा त्याच्यापुरता दोष नाही आणि तुझा तर कुठेच नाही. आता तरी त्याला बोलाव.

तुझी आजी


सानगडी
१७ डिसेंबर २०२५

चंद्रकुमार,

ललिताबाईच्या फोनवर तू बोलला ते मी चार वेळा आठवून पाहिलं. "आजी, घरात आपण दोघंच होतो. मला तेवढं गणित येत नव्हतं का?"

मग म्हणाला, "जुनं सोड, लग्नाला ये, बाबांचं नाव काढू नको." आणि ठेवला.

आणि वरून हा डबा पाठवला. साबणाच्या वडीएवढा. हर्षाने टीव्हीला लावला, दोन रिमोट, वायर नाही. आत तेच आठ गेम, तोच हिरवा रणगाडा. मला वाटलं, कुणी तलावातून काढून धुऊन दिला. म्हणजे तू माझ्यावर रागावलेला नाही. हे मला मारापेक्षा जास्त लागलं, हे तुला कळावं म्हणून लिहवते.

नव्या डब्यात एक बटन जास्तीचं आहे. चूक झाली की ते दाबायचं, गेम थोडा मागे जातो आणि चूक झालीच नाही असं होतं. हर्षा म्हणे, आजी, आता तू हरणारच नाही. खरंच हरले नाही. दाबत गेले, मागे जात गेले, शेवटपर्यंत पोचले. शेवटी काही नाही रे. पुन्हा पहिली पातळी. इतकी वर्षं मला वाटायचं की तिथं काहीतरी असेल. जिंकून ताक प्यायले आणि सरपण आणायला गेले.

पण ते बटन पाहिल्यापासून मला एकच जागा आठवून राहिली आहे. ती मी मागच्या पत्रात लिहवली नाही. ललिताबाई समोर होती, लाज वाटली. आजही तीच समोर आहे. तिला सांगितलं, मान खाली घालून लिही, माझ्याकडे पाहू नको.

तुला आठवतं, मला माहीत आहे. तू तीनदा नाही म्हटल्यावर धनीराम म्हणाला, "डोकरीच्या डोक्यावर हात ठेव अन् सांग, नाई खेळलो." आपल्याकडे याहून मोठी शपथ नाही. खोटी घेतली तर ज्याच्या डोक्यावर हात तो जातो, हे आपल्याकडे लेकरू दुधासोबत शिकतं. तू माझ्यासमोर येऊन बसला. भ्यायला नव्हता. हात वर केला. बोटांना पेनाची शाई होती.

मी डोकं मागे घेतलं.

एवढंसं. वीतभरही नाही. पण दारात ओले कपडे घेऊन पुष्पा उभी होती, तिने पाहिलं. धनीरामने पाहिलं. तो म्हणाला, "पाह्य, माय बी भेते. तिले बी माहीत आहे तू खोटा आहे." आणि मग त्याने बैलाची काठी घेतली. तोवर त्याचा हात उठला नव्हता. टीव्ही गरम असूनही उठला नव्हता. माझं डोकं हललं तेव्हा उठला.

सगळ्यांना वाटलं म्हातारी जिवाला भ्याली. तुझी शपथ खरी होती, तिने मला काय होणार होतं? मला ते समजत होतं. मी जिवाला भ्याले नाही. तुझी खरी शपथ झाली असती, मी जिवंत राहिले असते, आणि मग सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं असतं की खेळलं कोण. घरात दोघंच. म्हणून मी डोकं काढून घेतलं. तू खरा ठरू नये म्हणून.

तू हात तसाच हवेत धरून माझ्याकडे पाहिलं. मग हात खाली घेतला. मला तेव्हाच कळलं होतं की तुला कळलं. त्याला मी चौदा वर्षं 'कळलं नसेल' म्हणत आले, आणि मागच्या पत्रातही तसंच लिहवलं. तुला मला दिलेला शब्द पाळायचा होता, पंधरा वर्षांच्या पोराला. आणि मला सुतक पाळायचं होतं.

ललिताबाईचं नाक वाजून राहिलं आहे. मी म्हटलं, काय गं, सर्दी? ती म्हणते, "काकी, याच्या पुढचं पत्र मी लिहिणार नाई. धनीरामभाऊले सांगा, मंग या." मी म्हटलं, मग लिहील कोण? म्हणे, ते तुमचं तुम्ही पाहा.

सुनेला सांगून लिहवावं म्हटलं तर ती दारात उभी होती त्या दिवशी. हर्षाला सांगावं तर ती मला देव मानते, मूर्ख पोरगी.

डबा चांगला आहे. दुसरा रिमोट तसाच पडून असतो.

आजी


सानगडी
४ जानेवारी २०२६

चंद्रकुमार,

अक्षर पाहून पत्र ठेवून नको देऊ. तुह्या बापाचं आहे. ग्रामसभेत सही करते तेवढंच त्याचं लिहिणं, म्हणून असं बैल चालल्यावानी दिसते. मी बोलते तसंच लिही म्हटलं त्याले, ललिताबाईवानी सुधरवू नको. 'बैल चालल्यावानी' बी लिही म्हटलं. लिहिलं त्यानं.

गुरुवारची गोष्ट. खळ्यावर धान चुरून झालं होतं. पुष्पा अन् हर्षा साकोलीले गेल्या होत्या. मी टीव्हीपुढं बसली, तू पाठवलेला डबा लावला. रोज मी ह्याच्या चपलेचा आवाज आला का बंद करत होती. महिनाभर तसंच केलं, म्हातारपणी बी चोरीच. त्या दिवशी आवाज आला, बोट बटनावर गेलं, अन् मी काढून घेतलं. म्हटलं, पाहू दे.

तो दोरी न्याले आला होता. अंगावर धानाचा भुसा. दारात उभा राहिला तो राहिला. मी तिसरी पातळी काढली, चौथी काढली. मांगं जायाचं बटन दाबलं नाई. मंग तो म्हणे, "माय, हे तुले कोनं शिकवलं?"

"चंद्रकुमारनं."

"आता? फोनवर?"

"नाई. तुहा बाप गेला त्या पावसाळ्यात."

तुह्या बापाले हिशेब उशिरा समजते, पर समजला का पक्का समजते. उंबरठ्यावर खाली बसला. दोरी हातातच.

"मंग त्या दिवशी टीव्ही..."

"मी."

"अन् डोकं काहून मांगं घेतलं?"

मी सांगितलं काहून. तुले लिहिलं तसंच, एक शबद कमी नाई केला. तिकडं टीव्हीत माहा रणगाडा उभा होता, त्याले कोणी येऊन मारून गेलं. आम्ही दोघं पाहत होतो, कोणाले काई वाटलं नाई.

मी म्हटलं, "बोल काई तरी. नाईतर मार."

तो म्हणे, "चौदा वर्सं तू मले रोज वाढून राहिली, माय." अन् बाहीर गेला.

दोन दिवस तो माह्या हातचं जेवला नाई. आपलं ताट आपण वाढून घेतलं. पुष्पा विचारे, काय झालं जी? तो म्हणे, काई नाई. तिले मी सांगितलं. तिनं चुलीत लाकूड घातलं, मंग आणखी घातलं, भात जळला. हर्षाले बी सांगितलं. आता ती मले देव मानत नाई, माणसाले बोलते तसं बोलते. बरं वाटते.

आज हा हर्षाची वही अन् पेन घेऊन आला. म्हणे, "सांग. लिहितो."

मी तुले माफ कर म्हणत नाई. तू तर त्याच दिवशी केलं होतं, हात खाली घेतला तवा. त्याचीच लाज आहे. तू ओरडला असता, माह्याकडं बोट केलं असतं, तर मी एवढी लहान नसती झाली. तुहं लहानपण ह्या घरातून गेलं, तुह्या मायनं तुले दिवाळीत पाहुण्यावानी चहा दिला, अन् ह्याले पोरगा असून नाई. हे तिन्ही माह्या एका बोटाएवढ्या हलण्यानं झालं. चुका शोधून लिहून द्याचं तुहं काम आहे ना? ही माही लिहून घे. दुसऱ्या कोणाच्या नावावर नको टाकू.

आता लग्नाचं. तू तिघींले बोलावलं. माही जागा तुह्या बापाले दे. मी घरी राहीन, बैलाले पाणी पाजीन. राखीले सांग, तुही आजीसासू खोटारडी आहे पर रणगाडा बरा चालवते. तिले आवड असन तर उन्हाळ्यात पाठव, मी सोडणार नाई तिले, नवी नवरी म्हणून एक जीव जास्तीचा देईन.

बस. एवढंच. धनीराम, झालं म्हटलं ना. काय लिहून राहिला अजून?

*

चंद्रकुमार, इथून मी लिहितो. माय समोर बसली आहे, तिले वाचता येत नाई.

तू तीनदा म्हणाला होता, नाई खेळलो. मले तिन्ही वेळ आठवते. चौथ्यांदा विचारलं असतं तरी तू तेच म्हणाला असता.

मी तुले गावात खोटारडा म्हटलं. मंडईत म्हटलं, पाहुण्यायसमोर म्हटलं. काल पानठेल्यावर देवाजी, जागेश्वर, सगळे बसले होते. त्यायले सांगितलं, माहा पोट्टा खरा होता, चूक माही होती. मायचं नाव घेतलं नाई. तू बी घेतलं नव्हतं.

माय म्हणते तिची जागा मले दे. ते ऐकू नको. तिले लग्नाले ने. तिनं लुगडं काढून ठेवलं आहे, आपल्याले सांगितलं नाई. तू बोलावलं तर मी येतो. नाई बोलावलं तर तिघींले वरठीवरून गाडीत बसवून देईन अन् परत येईन, त्याचा राग धरणार नाई. काठी मी जाळली. चौदा वर्सं कोठ्यात होती, तिनंच बैल हाकलत होतो.

माय विचारून राहिली, एवढं काय लिहितो. मी म्हटलं, पत्ता.